भीड चेपते तेव्हा

मावशीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एटीएममधून पैसे काढले. काका होते तोवर तिला कधी गरज पडली नव्हती. ते गेल्यावर काही महिने माझी मावसबहीणच पैसे आणून द्यायची. मावशीला ते आवडत नव्हतं, पण मशीनसमोर उभं राहणं त्याहून नकोसं वाटायचं. कार्ड उलटं घातलं तर? मशीनने गिळलं तर? आकडा चुकला तर? आणि सगळ्यात मोठी धास्ती मागे उभ्या असलेल्या माणसांची. "ते मनात म्हणणार, ही म्हातारी एवढा वेळ काय करतेय!"

तिच्या या भीतीवर घरातला जो तो आपापलं औषध सुचवत होता. "तुला सहज जमेल गं, फक्त कॉन्फिडन्स पाहिजे." "पॉझिटिव्ह विचार करायचा, बाकी काही नाही." कुणीतरी तिला रोज सकाळी फोनवर सुविचार पाठवायचं, उगवत्या सूर्याच्या चित्रासकट. मावशी ते सगळे वाचायची, पटल्यासारखी मान डोलवायची आणि पैसे आणायला लेकीलाच पाठवायची.

शेवटी मार्ग निघाला तो असा. बहिणीने तिला भर दुपारी नेलं, मशीनवर चिटपाखरू नसतं अशा वेळी. पहिल्या दिवशी पैसे काढायचेच नाहीत. कार्ड घालायचं, शिल्लक बघायची, कार्ड परत घ्यायचं आणि घरी यायचं. दुसऱ्या खेपेला बहीण बाजूला उभी राहिली, तिसऱ्या खेपेला दाराबाहेर. मावशी ओठातल्या ओठात पुटपुटत पायऱ्या बोटांवर मोजायची: कार्ड, भाषा, आकडा, रक्कम. एकदा तिला दरदरून घाम फुटला, आकडाच आठवेना, आणि ती रद्दचं बटण दाबून तशीच परत आली. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही, हे मला आजही विशेष वाटतं. चौथ्या की पाचव्या खेपेला ती एकटी गेली. नोटा घेऊन आली आणि मशीनने दिलेली चिठ्ठीही. नोटा कपाटात गेल्या. चिठ्ठी चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात. पुढे मी गेले तेव्हा तिने ती मला उलगडून दाखवली, शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी.

एवढे सुविचार तिला मशीनपर्यंत नेऊ शकले नाहीत आणि एका रिकाम्या दुपारने नेलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आत्मविश्वास हा शब्द आपण हल्ली उठता-बसता वापरतो. पण त्याच्या शेजारपाजारचे जुने शब्द जास्त जाणते आहेत. अवसान बघा. ते उसनं आणता येतं, आणि उसनं असल्यामुळेच ऐन वेळी गळतं. धीर होतो, सुटतो, खचतो, पण तो दुसऱ्याला देताही येतो. शिवाय "जरा धीर धर" म्हटलं की त्याच शब्दात थांबून वाट पाहणंही येतं. हिंमत आणि सबुरी एकाच शब्दात नांदतात, ही मला आपल्या भाषेची मोठी समज वाटते. भीड मात्र चेपते. चेपणं ही सावकाश होणारी गोष्ट आहे, पुन्हा पुन्हा दाब पडल्यावर होणारी. हात बसतो, एखादी गोष्ट अंगवळणी पडते, या सगळ्यांची घडण तीच. यात माणूस स्वतःला धीट बनवत नसतो. तो त्या जागी परत परत जातो, आणि भीड आपली आपण चेपत जाते.

रोजच्या जगण्यातला आत्मविश्वास साजरा करावा, याबद्दल माझं दुमत नाही. उलट आपण तो पुरेसा साजरा करत नाही असंच मला वाटतं. माझं भांडण आहे ते आपण कशाला टाळ्या वाजवतो त्याच्याशी. आपण टाळ्या वाजवतो उसन्या अवसानाला: मोठ्या आवाजाला, ताठ मानेला, "मी करणारच" या घोषणेला. भीड चेपण्याचं काम कुठेतरी भर दुपारी, कुणी बघत नसताना चाललेलं असतं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

आधी मनात विश्वास भरा, मग सगळं आपोआप घडेल, ही कल्पना आजची नाही. फ्रान्समधले एक औषधविक्रेते एमिल कुए यांनी शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेला एक वाक्य पाठ करायला लावलं होतं. दिवसेंदिवस मी सर्व बाबतींत अधिकाधिक बरा होत आहे, असा त्याचा आशय. सकाळ-संध्याकाळ वीस वीस वेळा म्हणायचं, आणि मोजणीत मन अडकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हातात धरायची. (आज दोरीच्या जागी फोनमधलं ॲप आलं आहे. ते गाठी मोजतं आणि वर शाबासकीही देतं.) माणूस बिचारा भला होता, लोकांकडून पैसेही घेत नसे. पण ही कल्पना पुढे सरकारदरबारी पोचली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक सरकारी कृतिदल नेमलं. गुन्हेगारी, व्यसनं, शाळेतलं अपयश या सगळ्यांच्या मुळाशी माणसाला स्वतःबद्दल चांगलं न वाटणं आहे, आणि ते दुरुस्त केलं की बाकीचं मार्गी लागेल, असा त्यामागचा विचार. अहवाल १९९० मध्ये आला. तोवर ही कल्पना शाळाशाळांत पसरली होती.

मग २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. ज्यांना स्वतःबद्दल चांगलं वाटतं त्यांना गुण जरा जास्त मिळतात, हे खरं निघालं. पण बऱ्याच अंशी गुण मिळाले म्हणून चांगलं वाटत होतं. स्वतःबद्दल चांगलं वाटायला लावून गुण वाढल्याचा पुरावा हाती लागला नाही. फळालाच मूळ समजून त्याला पाणी घालणं चाललं होतं. हा आढावा करणारे बॉमायस्टर आधी याच कल्पनेबद्दल आशावादी होते, म्हणून मला त्यांचा निष्कर्ष जास्त वजनदार वाटतो.

याहून टोचणारा एक प्रयोग २००९ चा. कॅनडातल्या जोॲन वुड यांनी विद्यार्थ्यांना मनात येईल ते लिहायला बसवलं. काहींना सांगितलं, मध्ये मध्ये घंटा वाजेल तेव्हा मनाशी म्हणायचं, "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे." ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांपेक्षा वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला औषधाचा थोडा गुण, आणि ज्याच्यासाठी औषध काढलं त्याला अपाय. थोडा विचार केला तर यात नवल नाही. स्वतःवर विश्वास नसलेला माणूस असं वाक्य उच्चारतो तेव्हा त्याच्या आतून लगेच दुसरा आवाज येतो, "हो का? मग परवाचं काय?" आणि परवाचं सगळं आठवत बसतं. मावशीला सुविचार पाठवणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण "तुला सहज जमेल" हे ऐकल्यावर तिचा चेहरा जरा उतरायचा, तो का, हे मला हा प्रयोग वाचल्यावर कळलं. सहज जमण्यासारखी गोष्ट जमत नसेल तर कमीपणा दुप्पट.

खांदे ताठ, हात कमरेवर, दोन मिनिटं असं उभं राहा म्हणजे शरीरातली रसायनंच बदलतात, हेही एक खूळ मध्यंतरी येऊन गेलं. मूळ प्रयोग २०१० चा, ४२ माणसांवरचा. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० माणसांवर करून पाहिला तेव्हा रसायनं जागची हलली नाहीत, आणि २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिकेने स्वतःच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे यावर आपला विश्वास उरलेला नाही. आपलंच गाजलेलं संशोधन असं मोडीत काढायला जे लागतं, त्याला मी आत्मविश्वास म्हणेन. त्याला मात्र कुणी व्यासपीठ दिल्याचं ऐकिवात नाही.

मग विश्वास येतो कुठून? या प्रश्नावर ज्यांनी आयुष्य घालवलं त्या अल्बर्ट बँड्युरांचं उत्तर सापांपासून सुरू होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात सापाची जबर भीती असलेल्या माणसांवर काम करत होते. ही साधी भीती नव्हे. साप असू शकेल म्हणून बागेत काम न करणारी, फिरायला न जाणारी माणसं. त्यांच्यापुढे भाषण केलं नाही. आधी दुसऱ्या कुणाला तरी साप हाताळताना काचेआडून बघायचं. मग दारात उभं राहून बघायचं. मग खोलीत. मग हातात मोजे घालून, साप धरलेल्या माणसाच्या हाताला हात लावून स्पर्श करायचा. मग मोजे काढायचे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एवढीशीच उंच. काही तासांत यातली बरीच माणसं साप मांडीवर घेऊन बसली.

बँड्युरांना पुढे चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. ही माणसं नंतर सांगू लागली की सापाचं तर झालंच, पण इतरही काही गोष्टी आपण करून पाहू लागलो आहोत, ज्यांना आजवर घाबरत होतो. यातूनच १९७७ मध्ये त्यांनी मांडणी केली ती "हे मला करता येईल" या भावनेची. ती चार वाटांनी येते असं त्यांचं म्हणणं: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीर काय सांगतंय ते. पहिली वाट सगळ्यांत पक्की. तिसरी, म्हणजे शब्दांनी दिलेला धीर, उपयोगी आहे पण दुबळी. पाठीशी अनुभव आला नाही तर लवकर विरते. आपला अख्खा सकारात्मकतेचा बाजार त्या तिसऱ्या वाटेवर दुकान मांडून बसला आहे.

आणखी एक प्रयोग सांगते, जरा क्रूर आहे. १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांना दिसलं की काहीही केलं तरी न टळणारे विजेचे झटके बसलेले कुत्रे, पुढे सुटकेची वाट समोर असतानाही जागचे हलत नाहीत. त्यांना त्यातून बाहेर कसं काढलं? खाण्याचं आमिष दाखवून ते हलले नाहीत. शेवटी त्यांना पट्ट्याने ओढत अडथळ्यापलीकडे न्यावं लागलं, एकदा नव्हे, बऱ्याच वेळा. पायांनी ती वाट चालून पाहिली तेव्हा कुठे ते स्वतःहून उड्या मारू लागले. त्याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, हतबलता शिकली जाते हा आपलाच सिद्धान्त उलटा केला. संकट लांबलं की हातपाय गाळून बसणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने फरक पडतो" हे. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं. न्यूनगंड असलेल्या माणसात काही बिघडलेलं नसतं. त्याला तो पुरावा अजून मिळालेला नसतो, इतकंच.

इथे कुणी म्हणेल, "मग काय, रडत बसायचं? चांगला विचार करणं एवढं वाईट आहे का?" नाही. उमेद लागतेच. मावशीच्या मनात तिळभरही आशा नसती तर ती त्या दुपारी घराबाहेर पडलीच नसती. पण आशा आणि मनात मांडे खाणं यात फरक आहे, आणि तो मोजलेला आहे. गॅब्रिएल एटिंगन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल असा ज्यांचा अंदाज होता त्यांचं वजन जास्त उतरलं. आपण सडपातळ झालो आहोत, लोक वळून बघताहेत अशी गोड चित्रं ज्या रंगवत होत्या त्यांचं कमी. अंदाज मागच्या अनुभवावर उभा असतो. स्वप्नरंजन सगळं झाल्याचं समाधान आधीच देऊन टाकतं, मग कष्ट करायला उरतं कोण?

आतापर्यंतचं सगळं ज्याच्या त्याच्या मनापुरतं. ही बाब चव्हाट्यावरची होते ती सकारात्मकतेची सक्ती सुरू होते तेव्हा.

मी एके ठिकाणी नोकरी करत असताना दर सोमवारी बैठक भरायची. सुरुवातीला प्रत्येकाने एक चांगली गोष्ट सांगायची असा दंडक. आधी गंमत वाटली. मग लोक रविवारी रात्री चांगली गोष्ट शोधू लागले. आमच्यातला एक सहकारी कामाचं वेळापत्रक सांभाळायचा, मोजकं बोलणारा. एका कामाची तारीख पाळता येणार नाही, दोन माणसं कमी पडताहेत, असं त्याने दोन सोमवारी सांगून पाहिलं. "निगेटिव्ह नको, सोल्युशन सांग," असं उत्तर मिळालं, तेही हसत हसत. तिसऱ्या सोमवारी त्याने आपल्या मुलीने सायकल चालवायला शिकल्याचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तारीख अर्थातच हुकली. "आधी का नाही बोललास?" असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सोमवारी चांगलंच बोलायचं असतं ना."

आमचं नुकसान किरकोळ होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच दुभंगलं आणि सात माणसं गेली. आदल्या रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत अग्निबाणाच्या अभियंत्यांनी सांगितलं होतं की सांध्यांतल्या रबरी कड्या थंडीत नीट बसत नाहीत, साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नका. तिथे कुणी सुविचार म्हणत नव्हतं. वेळापत्रकाचा रेटा होता. पण उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवून द्या असं म्हणण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असा भार शंका घेणाऱ्यांवर आला, आणि त्यांच्याच वरिष्ठांनी शिफारस फिरवली. जिथे "होईल" म्हणणाऱ्याला पुरावा मागत नाहीत आणि "होणार नाही" म्हणणाऱ्याला मात्र मागतात, तिथे आत्मविश्वास फार स्वस्त झालेला असतो. हाताबाहेर जाऊ शकणाऱ्या गोष्टींची यादी करणारा माणूस नकारात्मक नसतो. बऱ्याच वेळा खोलीतला सगळ्यांत आत्मविश्वास असलेला माणूस तोच असतो, कारण वाईट शक्यतेकडे बघूनही त्याचं अवसान गळत नाही.

सक्तीचा सगळ्यांत वाईट प्रकार आजाऱ्याच्या उशाशी चालतो. "मन खंबीर ठेव, निम्मा आजार मनाचाच असतो." डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये आला. रुग्णाची मनःस्थिती किती चांगली आहे यावरून तो किती जगेल हे सांगता येत नाही, असं त्यात दिसलं. मन प्रसन्न असेल तर दिवस बरे जातात, उपचार सोसवतात, ते हवंच. पण जगणं-मरणं त्यावर टांगलं की जो वाचला नाही तो मनाने कमी पडला असा अर्थ निघतो. आजारी माणसाला घाबरण्याची मुभासुद्धा न ठेवणारी ही कसली प्रसन्नता?

एक तक्रार आणखी. आत्मविश्वास हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग मानला की तो कुणाला परवडतो हा प्रश्नच उरत नाही. पडलो तर झेलायला कुणीतरी आहे हे ज्याला ठाऊक आहे तो उडी सहज मारतो. बघणारे म्हणतात, काय धाडस! दुसऱ्याला एकच संधी असते, ती चुकली की नाव कायमचं खराब. तो कडेला घुटमळतो. बघणारे म्हणतात, कॉन्फिडन्स नाही. शब्द तरी आपण कुठे सारखे वाटतो? वर्गात न घाबरता प्रश्न विचारणारा मुलगा धीट, आणि त्याच सुरात विचारणारी मुलगी आगाऊ. आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षं "आगाऊपणा नको" ऐकलेल्या मुलीला पुढे नोकरीच्या मुलाखतीत विचारतात, "तुम्ही जरा कमी आत्मविश्वासाने बोलता, असं का?"

म्हणून मला वाटतं, आत्मविश्वास वाढवायचा तर भाषणं कमी करावीत आणि रिकाम्या दुपारी वाढवाव्यात. म्हणजे माणसाला वाईट करून बघता येईल अशा जागा. शाळेत मूल पहिल्यांदा बोलायला उभं राहतं ते थेट स्पर्धेच्या दिवशी, भरल्या सभागृहासमोर. ते आधी चौघांसमोर, परीक्षकाविना, का नसावं? कचेरीत नव्या माणसाची पहिली चूक वर्षभर किस्सा म्हणून सांगितली जाते. ती विसरण्याची रीत का नसावी? खिडकीपलीकडचा कर्मचारी फॉर्म चुकीचा भरला म्हणून सुस्कारा सोडतो, तेव्हा खिडकीअलीकडच्या माणसाचं आठवडाभराचं अवसान त्या एका सुस्काऱ्यात जातं. या गोष्टींना फार खर्च नाही. त्यांचे फोटो चांगले येत नाहीत, ही खरी अडचण.

बघणाऱ्या माणसांच्या धास्तीबद्दलही एक दिलासा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात पाहिला होता सुमारे चौथा हिस्सा लोकांनी. बाकीचे आपापल्या टी-शर्टच्या चिंतेत असावेत. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "चौथा हिस्सा म्हणजे चारात एक. रांगेत चार माणसं असली की एक बघतोच की!" तिचं गणित बरोबर होतं.

साजरं करण्याची माझी कल्पना एवढीच आहे: कुणी एखादी गोष्ट पहिल्यांदा, अडखळत, धडपडत केली की त्याला "तू ग्रेट आहेस" म्हणण्याऐवजी विचारावं, "कसं केलंस? सांग की." बहिणीने मावशीला तेच विचारलं होतं, आणि मावशीने अर्धा तास मशीनचं वर्णन केलं होतं, कोणतं बटण कुठे आहे इथपासून ते नोटा बाहेर येताना होणाऱ्या घरघरीपर्यंत. आपण काय केलं हे स्वतःच्या तोंडून तपशिलाने सांगताना माणसाला ते स्वतःलाही नव्याने कळतं. कौतुकाला "थँक यू" एवढंच उत्तर असतं. प्रश्नाला गोष्ट सांगावी लागते.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. कुणाचा तरी फोन आला, नंबर लिहून घ्यायचा होता, तिने कागदासाठी पर्स उचकली. आतल्या कप्प्यातून चार घड्यांचा एक कागद निघाला. मी तो घड्यांवरून ओळखला. मशीनच्या चिठ्ठीवरची छपाई उष्णतेची असते, काही काळाने पुसट होत जाते. या चिठ्ठीवर आता एक अक्षरही उरलं नव्हतं. मावशीने ती उलटसुलट करून पाहिली, "कसला गं हा कोरा कागद?" म्हणाली, आणि माझ्याकडे पेन मागून त्यावर नंबर लिहून घेतला. मग चपला घालत म्हणाली, "जरा पैसे काढून येते, तू बस."